हात मागे बांधून

माझा स्वभाव हिसकावण्याचा. कुणी कांदा सावकाश चिरत असलं की मी त्याच्या हातातली सुरी काढून घेणार. कुणाला सुईत दोरा ओवता येत नसला की "द्या इकडे" म्हणून सुईच ओढून घेणार. सासूबाई म्हणायच्या, आमच्या घरात म्हातारपणाची वाट बघावी लागत नाही, सूनबाई आत्तापासूनच सगळ्यांना खाटेवर बसवून ठेवते. मला ते कौतुक वाटायचं. अशा बाईला गोत्रीतल्या त्या बंगल्यात नोकरी मिळावी आणि ती तिथे टिकावी, याचं मला आजही नवल वाटतं.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. आमच्या गुजराती शहराच्या कडेची गोत्री तेव्हा अर्धी सोसायटी आणि अर्धी शेत होती. आमच्या बंगल्याच्या एका अंगाला तुरीचं शेत होतं आणि दुसऱ्या अंगाला नव्या फ्लॅटांचं बांधकाम चालायचं. दिवसभर सिमेंटच्या मिक्सरची घरघर ऐकू यायची. बंगला भाड्याचा. त्यात काही मोठी माणसं एकत्र राहायची, बाया आणि पुरुष, विशी ते चाळिशीतली, सगळी मंद बुद्धीची. तेव्हा सरसकट 'मतिमंद' म्हणायचे आणि त्यात काही वावगं कुणाला वाटत नसे. फक्त आमच्या मोठ्या बेनना तो शब्द खपायचा नाही. त्या म्हणायच्या, हे भाडेकरू आहेत आणि आपण त्यांच्या घरात कामाला आहोत.

मोठ्या बेन गुजराती. आयुष्यभर अशा मुलांच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. शाळा संपल्यावर या मुलांचं काय होतं ते त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. घरात मागच्या खोलीत पलंग, वेळेवर ताट, अंगावर दुसऱ्याने घातलेले कपडे, आणि तसंच म्हातारं होणं. म्हणून त्यांनी काही आईबापांना गोळा केलं आणि हे घर उभं केलं. इथे मोठी माणसं मोठ्या माणसांसारखी राहतील, आपला चहा आपण करतील, आपले कपडे आपण धुतील, नाक्यावरून भाजी आणतील, असा त्यांचा हिशेब होता. मला तो वेडेपणा वाटला होता, पण माझे यजमान गोरव्याला कारखान्यात, मुलं शाळेत, आणि घरात बसून मी सासूबाईंशी भांडत होते. म्हणून गेले.

पहिल्याच दिवशी तिथली एक मुलगी, म्हणजे तिशीची बाई, उशीला अभ्रा घालत होती. उशी एका कोपऱ्यातून आत जायची आणि दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर यायची. मी थोडा वेळ पाहिलं आणि मग नेहमीप्रमाणे पुढे झाले. मागून आवाज आला, "हाथ पाछळ, बेन."

हात मागे. त्या घराचा हा एकच नियम होता. कुणी आपलं काम करत असलं की आपण शेजारी उभं राहायचं आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पाठीमागे धरायचं. मदत हवी का, असं विचारायचं. 'हो' आलं तर जेवढी मागितली तेवढीच करायची. 'नको' आलं किंवा काहीच उत्तर आलं नाही, तर हात मागेच ठेवायचे. आग, धारेचं हत्यार आणि रस्ता, या ठिकाणी मात्र विचारत बसायचं नाही, सरळ धरायचं. बाकी सगळीकडे विचारायचं. अगदी कुणी पडलं तरी, कारण यांच्यातले पुष्कळजण अडखळत चालायचे आणि लहानपणापासून प्रत्येक वेळी कुणीतरी काखेत हात घालून उचलल्यामुळे उठायचं कसं ते कुणाला माहीतच नव्हतं.

ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही एकदा करून बघा. मला घरी गेल्यावर मनगटावर माझ्याच नखांचे वण दिसायचे.

दादा आमच्याकडे आला तेव्हा पस्तिशीला टेकला होता. त्याच्या आईचा तो थोरला, म्हणून ती त्याला दादा म्हणायची, आणि मग आम्हीही म्हणू लागलो. उंच, रुंद खांद्यांचा, नीट कातरलेल्या मिशांचा. पणजोबा गायकवाडी फौजेत होते, हे त्याच्या आईने उंबरठ्यावरच सांगितलं. आई चणीने लहानशी, कडक इस्त्रीच्या सुती पातळातली, आणि बोलायला लागली की मध्ये श्वास न घेणारी. त्याला वरण घट्ट लागतं, आंघोळीला पाणी असं लागतं, झोपताना पाय दाबावे लागतात, मिशी ती स्वतः दर रविवारी येऊन कातरेल. हे सगळं चालू असताना दादा खुर्चीवर बसला आणि त्याने एक पाय पुढे केला. चप्पल कुणीतरी काढेल म्हणून तो वाट बघत होता. पाय हवेत तसाच राहिला. मी हात मागे धरले होते. त्या माउलीने माझ्याकडे असं पाहिलं की मी जन्मात विसरणार नाही, मग खाली वाकून तिने स्वतः ती चप्पल काढली.

तिला दोष देता येत नाही. नवरा नुकताच गेला होता, स्वतःचं वय झालं होतं, आणि आपल्यामागे याचं काय, हा घोर तिला लागला होता. धाकटा मुलगा चांगला होता, खासगी कंपनीत नोकरीला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, समा भागात, नवा फ्लॅट घेतलेला. पण त्याच्या बायकोवर हे ओझं टाकायचं तिच्या मनात नव्हतं. म्हणून मन घट्ट करून तिने त्याला आणून सोडलं होतं. त्याला काही येईल अशी तिची अपेक्षाच नव्हती. त्याला कुणी उपाशी ठेवू नये एवढंच तिला हवं होतं.

शर्टाचं बटण लावायला काय काय जमावं लागतं, हे मला दादामुळे कळलं. एका हाताने काज धरायचं, ते घट्ट धरायचं पण चुरगळायचं नाही. दुसऱ्या हाताने बटण उभं करायचं, त्याची कड काजात घालायची, मग तेच बोट सोडून पलीकडून पकडायचं, आणि या अदलाबदलीत दोन्ही हातांनी एकमेकांवर भरवसा ठेवायचा. आपण हे पेपर वाचता वाचता करतो. दादा पलंगावर बसून करायचा. कपाळावर घाम, जीभ दातांत. बटण निसटायचं. तो त्याच्याकडे रागाने बघायचा नाही. पुन्हा धरायचा. किती तरी सकाळी अशा गेल्या. चहा थंड व्हायचा, बाहेर मिक्सर घरघरत राहायचा, आणि मी त्याच्यासमोर पाठीमागे हात बांधून उभी असायची, आतून उकळत.

मग एका सकाळी सगळी बटणं लागली. तो उठला आणि आरशापुढे जाऊन उभा राहिला. एक बाजू खाली लोंबत होती, पहिलंच बटण चुकीच्या काजात गेलं होतं. माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी जीभ चावली. त्याने पुष्कळ वेळ आरशात पाहिलं. मग पलंगावर बसून एकेक बटण सोडलं, सगळा शर्ट मोकळा केला, आणि खालच्या टोकापासून पुन्हा लावायला घेतला. खालून लावलं की चुकत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. दुःखाचं रडणं नव्हतं ते. देवळात गाभाऱ्यातला दिवा एकदम दिसला की जे होतं, तसं काहीतरी मला झालं होतं.

त्यानंतर पाण्याला वाट मिळाली. चप्पल, दाढी, अंथरूण, कपडे वाळत घालणं. गॅस पेटवायला मोठ्या बेननी स्वतः शिकवलं. वर्षभरात तो सगळ्या घराचा चहा करू लागला. नाक्यावरच्या लारीवर, भाजीच्या हातगाडीवर, जाऊन गुजरातीत कोथिंबीर मागू लागला, आणि कुणाशी मराठीत बोलायचं आणि कुणाशी गुजरातीत, यात तो कधी चुकला नाही. मी चुकते.

पण रविवारी आई यायची. डब्यात पुरणपोळी नाहीतर साटोऱ्या. दादा आदल्या रात्री स्वतःच्या हाताने जेवलेला असायचा, सकाळी सगळ्यांना चहा दिलेला असायचा. आई समोर बसली की हा तोंड उघडायचा. ती घास भरवायची, पदराने ओठ पुसायची, मिशी कातरायची, जाताना त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं उगाच सोडून पुन्हा लावायची. मी चरफडायची. मोठ्या बेनना म्हणाले, त्यांना सांगा तरी. बेन म्हणाल्या, सांगितलंय, त्यांना ते ऐकू येत नाही. आणि दादाने का सांगावं? आठवडाभर आईला करायला काही नसतं, रविवारी तो तिला काम देतो. मला हे पटायला वेळ लागला. पण एकदा पाहिल्यावर दिसतच राहिलं. भूक नसली तरी तो तोंड उघडायचा.

नियम त्याने आमच्याकडून उचलला, आणि हे मात्र आधी आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला वाटलं, सभ्य माणसं अशीच वागतात. मोठ्यांपुढे वाकावं तसं काम करणाऱ्यापुढे हात मागे बांधावेत. वायरमन शिडीवर चढला की हा खाली उभा, हात मागे. "मदद जोईए?" भाजीवाली टोपली उतरवत असली की हा शेजारी. समोरच्या बंगल्यातले काका स्कूटरचं चाक बदलत होते तेव्हा तो त्यांच्याजवळ सगळा वेळ उभा राहिला. काकांनी आधी त्याला हाकललं. नंतर मला म्हणाले, बेन, माझ्या घरातलं कुणी माझ्या कामाजवळ एवढं थांबत नाही. आम्ही हसलो. मला तर फार अभिमान वाटला.

त्या वर्षी दिवाळीला दादा समाला गेला. भाऊबीज झाली तरी परत आला नाही. मग एका दुपारी धाकटा भाऊ एकटाच आला. त्याला खुर्ची दिली तरी बसला नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी आई स्टुलावर चढून आकाशकंदिलातला दिवा बदलत होती, असं त्याने सांगितलं. तो गाडी घेऊन बाजारात गेला होता आणि बायको माहेरी. वर आला तर आई गॅलरीत जमिनीवर पडलेली, आणि दादा तिच्याजवळ ताठ उभा, हात पाठीमागे बांधून. "आई, मदत पाहिजे?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले लकव्याचा झटका आहे, उजवी बाजू गेली, जरा लवकर आणायला हवं होतं.

"रस्त्यावरचा अनोळखी माणूससुद्धा धावला असता," तो म्हणाला. "माझा भाऊ साधा होता, पण त्याला माया होती. तुम्ही त्याचं काय करून ठेवलंत?"

दादा आता घरीच राहील, तो फक्त कपडे न्यायला आला होता. मी दादाच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. घड्या त्यानेच घातलेल्या होत्या, काठाला काठ लावून. मी त्या तशाच उचलून पिशवीत ठेवल्या. तो बोलला ते मला खरंच वाटत होतं.

तो गेल्यावर मी मोठ्या बेनवर तुटून पडले. तुमचा नियम दगडाचा आहे म्हणाले. माणूस जमिनीवर पडलंय आणि हा चौकशी करतोय, असं कुठे असतं का. बेननी सगळं ऐकून घेतलं. मग त्या हळूच म्हणाल्या की दादा इथे आला त्या वर्षी तो कितीदा पडला आणि आपण दर वेळी त्याला काय विचारलं ते आठव. आपण ज्या मानाने त्याला वागवलं, त्याच मानाने तो आईला वागवायला गेला. विचारायचं आपण शिकवलं. केव्हा विचारू नये ते शिकवायचं राहून गेलं. एवढं बोलून त्या उठल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आई घरी आल्याचं कळल्यावर आम्ही दोघी समाला गेलो. दादाला परत पाठवा, एवढं सांगायला. भावाचं मन वळणार नाही हे दिसत होतं, पण आईच्या शब्दाबाहेर तो नव्हता. म्हणजे सगळं तिच्यावर होतं, आणि तिने तरी का हो म्हणावं? रिक्षात मी बेनना म्हटलं की मी तिच्या जागी असते तर आपल्याला दारातूनच घालवलं असतं.

दार सुनेने उघडलं. दादा सोफ्यावर बसला होता. अंगावर नवा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, भांग पाडलेला. कुणीतरी घाईघाईने आणि प्रेमाने त्याला तयार करून ठेवलं होतं. आम्हाला पाहून तो हसला, पण उठला नाही. सून म्हणाली, भाऊजींना मीच भरवते, कपड्यांवर सांडतात. इतक्या थोड्या दिवसांत.

शेजारी वेताच्या खुर्चीवर आई. एवढीशी झालेली. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला, तोंड किंचित वाकडं. सून चमच्याने तिला उपमा भरवत होती, ओठ पुसत होती, आणि तिच्या डोक्यावरून आमच्याशी बोलत होती. आईंना आम्ही आता काही म्हणजे काही करू देत नाही. ती खरोखर मनापासून करत होती. मी मात्र त्या म्हातारीच्या डोळ्यांकडे बघत होते. इतक्या वर्षांत मी तिला गप्प बसलेली कधी पाहिली नव्हती.

बेननी विषय काढला. भाऊ मान हलवत राहिला. मग चहा आला. सुनेने कप उचलून सासूच्या ओठांशी नेला, तेवढ्यात दादा सोफ्यावरून उठला. आईच्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिला आणि त्याने हात मागे नेले.

"आई, मदत पाहिजे?"

भाऊ म्हणाला, दादा, खाली बस. त्याचा आवाज चढला होता. मला तर त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं. पण दादा हलला नाही. आईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि इतका वेळ पाहत राहिली की सुनेचा हात आपोआप खाली आला.

"नको," ती म्हणाली.

शब्द जड होता पण स्पष्ट. मग तिने डावा हात पुढे केला. कप लटपटला, बशीत चहा सांडला, पातळावर सांडला. सून पुढे झाली तर दादाने मान हलवून तिला थांबवलं. कप ओठांपर्यंत पोचला. ती एक घोट प्यायली, मग आणखी एक. आम्ही सगळी नुसती बघत होतो. त्या घोटांइतकं मोठं काही मी कधी पाहिलं नाही, आणि ते मोठं आहे हे बघायचे डोळे मला दादानेच दिले होते.

कप खाली ठेवून ती धाकट्याकडे वळली. शब्द सावकाश येत होते, आणि तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं.

"त्या दिवशी पण हा विचारत होता. मीच बोलले नाही."

तुला बोलता येत नव्हतं आई, भाऊ म्हणाला. तोंड गेलं होतं तुझं.

"तोंड मागाहून गेलं. आधी येत होतं." तिने पदराने ओठ टिपले, डाव्या हाताने, स्वतः. "मला सुचलंच नाही काय सांगायचं. मला मदत पाहिजे का, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं रे. आणि विचारलं ते यानं."

भाऊ उठून गॅलरीकडे गेला आणि तिथेच उभा राहिला.

मग आईने बेनना विचारलं की तुमच्याकडे याला कपडे कोण घालतं. बेन म्हणाल्या, तोच घालतो. चहा? तोच करतो, आमचाही. ती म्हणाली, त्याने मला कधी दाखवलं नाही. माझ्या जिभेला कुठला धीर, मी म्हटलं, काकू, तुम्ही दाखवू दिलंत कुठे? बेननी माझा दंड दाबला. पण म्हातारी रागावली नाही. दादाला तिने परत न्यायला सांगितलं, आणि येत्या रविवारी मला तिथे नेऊन सोड, असं धाकट्याला सांगितलं. मला बघायचंय म्हणाली.

परत आल्यावर बेननी नियम दुरुस्त केला. आग, धार, रस्ता आणि पडलेलं माणूस. पडलं की आधी उचलायचं, मग विचारायचं. दादाने त्यावर पुष्कळ वेळ विचार केला. मग माझ्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, ही पडली तरी? हो, ही पडली तरी. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

रविवारी भावाच्या गाडीतून आई आली. डबा नव्हता. भाऊ तिला खुर्चीत बसवून बाहेर फाटकापाशी जाऊन उभा राहिला. स्वयंपाकघराच्या दारात बसून तिने दादाला चहा करताना पाहिलं. पातेलं, पाणी, पावडर, गॅसच्या शेगडीची कळ दाबून फिरवणं, उकळी येताच मंद करणं. तो घाई करत नव्हता. ती पापणी हलवत नव्हती. पस्तीस वर्षं जो मुलगा तिच्या हाताने जेवला, त्याच्या हातचा चहा तिने प्यायला आणि म्हणाली, आलं जरा कमी पडलंय. पुढच्या वेळी त्याने आलं जास्त घातलं.

मग ती दर रविवारी येऊ लागली. थोड्या दिवसांनी तिला वाटलं आपणही करून बघावं, एका हाताने. पाणी मोजून घेणं तिला जमलं. पातेलं ओट्यावरून सरकवत शेगडीपर्यंत नेणं जमलं. शिकवणारा दादा, आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला शिकवायचा, कारण तो बोलायचा नाही. तिच्या डाव्या बाजूला हात मागे बांधून उभा राहायचा, आणि त्याच्यामागे मी.

असल्याच एका रविवारी साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं. तिने डबा काखेत धरून पाहिला, मांडीवर दाबून पाहिला, ओट्याच्या कोपऱ्यात अडकवून पाहिला. दादाने विचारलं, आई, मदत पाहिजे? तिने मान हलवली. झाकण हलेना. ती खुर्चीवर टेकली, डबा मांडीत घेऊन. माझी बोटं मनगटात रुतली होती.

"दादा," ती म्हणाली. "मला मदत पाहिजे."

दादा वळला आणि माझ्याकडे पाहून त्याने मला निरोप दिला, आईला मदत पाहिजे. निरोपात काही चूक होऊ नये अशा काळजीच्या स्वरात. त्याला आजवर कुणी हो म्हटलंच नव्हतं; मदत मागतात ती दुसऱ्या कुणाकडे, एवढंच त्याला माहीत होतं. मी हात मागेच ठेवले आणि भिंतीकडे सरकले.

"तिला नाही रे," आई म्हणाली. "तुला सांगतेय."

दादा मोरीपाशी गेला. साबण लावला, दोन्ही हात कोपरांपर्यंत धुतले, टॉवेलने एकेक बोट पुसलं. ती डबा मांडीत धरून थांबली होती. तो परत आला, तिच्यासमोर जमिनीवर बसला, डबा घेतला आणि झाकण काढलं. मग डबा त्याने पुन्हा तिच्या मांडीत ठेवला आणि हात मागे नेले. साखर तिने स्वतः घातली.